झाकलेल्या वाट्या

डोहाळजेवणाचा थाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा खेळ सांगायला नको. पाटाभोवती रांगोळी असते, हिरव्या साडीतली गरोदर लेक फुलांच्या दागिन्यांनी मढलेली असते, आणि तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या ठेवलेल्या असतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. लेकीने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाटी उघडताच बायकांचा एकच गलका होतो, कोणी टाळ्या वाजवते, कोणी आजेसासूच्या चेहऱ्याकडे हळूच पाहून घेते. मग पेढाही खाल्ला जातो आणि बर्फीही. पुढे जे व्हायचे ते होते, आणि वाटीत काय निघाले होते हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

गर्भाची परीक्षा म्हणून या खेळाकडे पाहिले तर तो अगदी निरुपयोगी आहे. शंभरांतून पन्नास वेळा तो बरोबर येतो आणि पन्नास वेळा चुकतो. पण त्याचा एक मोठा गुण असा, की त्याच्या निकालावर पुढचे काहीही अवलंबून नसते. बर्फी निघाली म्हणून कोणी दुसऱ्या वाट्या मांडीत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत विज्ञानाने ही झाकलेली वाटी खरोखरच उघडून दाखविली, आणि तेव्हापासून एका निकालाच्या पोटी दुसरी परीक्षा जन्म घेऊ लागली. पहिल्या वेळी काय कळले यावर दुसऱ्या वेळी काय विचारायचे हे ठरू लागले. त्या साखळीचा इतिहास आज सांगायचा आहे. तो थोडा कोपनहेगनचा आहे, थोडा पुण्या-मुंबईचा आहे, आणि शेवटी कयाधूच्या काठच्या हिंगोलीचा आहे.

१

गर्भात काय आहे हे जाणण्याची हौस नवी नाही. तिसऱ्या महिन्यात करावयाचा पुंसवन संस्कार तर मुलगाच व्हावा या इच्छेतून आलेला. आपल्या आज्या पोटाच्या आकारावरून, डोहाळ्यांवरून, उजव्या-डाव्या पावलावरून निदान करीत. आंबट खावेसे वाटले तर एक, गोड खावेसे वाटले तर दुसरे. निदान चुकले तर आजीला कोणी जाब विचारीत नसे, आणि बरोबर आले तर ती आयुष्यभर सांगत बसे.

प्रयोगशाळेतली कथा सुरू होते ती १९४९ साली. कॅनडात मरे बार या शास्त्रज्ञाला असे दिसले, की मादीच्या पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो, तो नराच्या पेशींत नसतो. हा शोध मांजरींच्या पेशींवर लागला. पुढे सात वर्षांनी, १९५६ साली, कोपनहेगनमध्ये फुक्स आणि रीस या दोन डॉक्टरांनी गर्भाभोवतीच्या पाण्यातील पेशी तपासून गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगता येते असे दाखविले.

आता वाचकांनी थोडे थांबावे. या डॉक्टरांना मुलगा की मुलगी हे का जाणून घ्यायचे होते? हिमोफिलिया नावाचा रक्त न गोठण्याचा रोग आईकडून येतो, पण तो बहुधा मुलांनाच होतो. ज्या घरात हा रोग आहे त्या घरातील आईच्या पोटात मुलगा असेल तर धोका, मुलगी असेल तर बहुधा निर्धास्त. म्हणजे जगातली गर्भलिंगाची पहिली वैद्यकीय परीक्षा झाली ती मुलगी असल्याचे कळावे आणि आईचा जीव भांड्यात पडावा म्हणून! तीच परीक्षा आपल्याकडे येईपर्यंत कशी उलटी फिरली, हे पुढे येईलच.

त्यानंतरची पावले भराभर पडली. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील चित्र दाखविणाऱ्या यंत्राविषयीचा लेख प्रसिद्ध केला. ग्लासगो हे जहाजबांधणीचे गाव. धातूतील भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत जे ध्वनियंत्र वापरीत, त्याचेच हे भावंड. आपण आज ज्याला सोनोग्राफी म्हणतो ती हीच. १९५९ साली फ्रान्समध्ये लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जादा असते. १९६६ साली गर्भजलातील पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे मोजता येऊ लागली. १९७२ साली एडिंबरोत कळले, की मेंदू व पाठीचा कणा नीट न जुळलेल्या गर्भाची चाहूल एका विशिष्ट प्रथिनाच्या वाढीवरून लागते. वाटीवरचे झाकण हळूहळू सरकत होते.

२

गर्भजल परीक्षा भारतात आली १९७०च्या दशकाच्या मध्यास, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत. हेतू स्वच्छ होता. जन्मजात व्यंगे वेळीच ओळखावीत. १९७१ चा गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला होता, त्यामुळे गंभीर व्यंग आढळल्यास आईला मार्गही मोकळा होता. पण येणाऱ्या बायकांना व्यंगाविषयी फारसे विचारायचे नव्हते. त्यांना, किंवा खरे म्हणजे त्यांच्याबरोबर आलेल्यांना, एकच प्रश्न विचारायचा होता.

पुण्याच्या दोन समाजशास्त्रज्ञ, ए. रमणम्मा आणि उषा बंबावाले, यांनी १९८० साली एक निबंध प्रसिद्ध केला. एका रुग्णालयातील जून १९७६ ते जून १९७७ या एका वर्षाच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. सातशे गर्भांचे लिंगनिदान झाले. अडीचशे मुलगे निघाले, साडेचारशे मुली. अडीचशेच्या अडीचशे मुलगे ठेवले गेले. साडेचारशे मुलींपैकी चारशे तीस काढून टाकल्या गेल्या. उरल्या वीस.

या वीस जणींचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या आयांनी निकाल ऐकूनही गर्भ ठेवला. कोणाच्या पाठीशी नवरा उभा राहिला असेल, कोणाला उशीर झाला असेल, कोणी स्वतःच हट्ट धरला असेल. नोंदवहीत कारणे लिहिलेली नसतात. आज त्या मुली जवळजवळ पन्नाशीच्या असतील.

सरकारी रुग्णालयांतून लिंगनिदानाला १९७८ च्या सुमारास मनाई झाली. त्याने परीक्षा थांबली नाही, ती खाजगी दवाखान्यांत गेली. आज पाचशे रुपये घाला आणि उद्याचे पन्नास हजार वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकू लागल्या. पन्नास हजार म्हणजे अर्थातच हुंडा. १९८६ साली महाराष्ट्र सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले चौऱ्याऐंशी टक्के, म्हणजे पन्नासांतले बेचाळीस, ही परीक्षा करीत होते. त्याच सुमारास मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून लिंगनिदानाविरुद्ध एक मंच उभारला. सभा, मोर्चे, लेख यांची राळ उठली आणि १९८८ साली महाराष्ट्राने या परीक्षांच्या नियमनाचा कायदा केला. देशातला हा पहिला. संसदेने तसा कायदा १९९४ साली केला व तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

मराठी माणसाने या गोष्टीचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र कायदा सर्वांत आधी करावा लागला, कारण रोगही येथे लवकर बळावला होता, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

३

कायदा झाला तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. हिंगोली हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. निजामाच्या राज्यात कंटिंजंट फौजेची छावणी येथे होती, आणि दसऱ्याच्या उत्सवासाठी गावाचे नाव दूरवर गाजलेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके मिळून नवा जिल्हा झाला. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजली जाणारी नर्सी, आणि हळदीचा बाजार, ही जिल्ह्याची ओळख. कारखाने थोडे, शेती बहुतेक पावसावर, आणि दुखणे मोठे झाले की नांदेड, परभणी किंवा त्याही पुढची वाट.

अशा भागात गर्भजल परीक्षा फारशी पोहोचली नसती. त्याला प्रयोगशाळा लागते, पेशी वाढविणारे तज्ज्ञ लागतात, दिवस जातात. पोहोचले ते सोनोग्राफीचे यंत्र. १९९० नंतर ही यंत्रे लहान होत गेली, हप्त्याने मिळू लागली, आणि जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांत येऊन बसली. त्यांनी पुष्कळ भले केले, हे प्रथम सांगितले पाहिजे. वार आडवी आली आहे का, मूल पायाळू आहे का, जुळी आहेत का, वाढ खुंटली आहे का, हे कळल्यामुळे किती बाया वाचल्या याची गणती नाही. सुईणीच्या हाताला जे कळत नसे ते पडद्यावर दिसू लागले. पण त्याच पडद्यावर आणखीही एक गोष्ट दिसत होती, आणि ती सांगायला कागद लागत नव्हता. “पेढे आणा” एवढे दोन शब्द पुरत. डोहाळजेवणाची वाटी दवाखान्यात जाऊन बसली होती.

२००१ च्या जनगणनेत हिंगोलीतील सहा वर्षांखालच्या मुलींचे दर हजार मुलग्यांमागील प्रमाण नऊशेच्या वर होते. जिल्हा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. २०११ साली हे प्रमाण नऊशेच्या खाली आले. बीडमध्ये तर ते ८९४ वरून ८०७ वर घसरले. सबंध महाराष्ट्राचे ९१३ चे ८९४ झाले. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्माव्यात. मधल्या कुठे गेल्या, हे सांगणे न लगे.

दरम्यान कायद्यालाही धार चढली होती. सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातील दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की कायदा आहे पण तो कोणी पाळीत नाही. न्यायालयाने सरकारांना खडसावले, आणि १४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारलेला कायदा आला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा ‘एफ’ नमुना, दाराशी ठळक अक्षरांत पाटी. या कायद्यात एक शहाणपणाचे कलम आहे. स्त्रीने अशी परीक्षा करून घेतली, तर नवऱ्याने वा नातेवाइकांनी तिला भाग पाडले असेच न्यायालय गृहीत धरते, जोवर उलट सिद्ध होत नाही. घरातली निवड कोण करतो हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका निकालाने पुढची परीक्षा कशी ठरते?

प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली देशभरातील अकरा लाख कुटुंबांच्या पाहणीवरून एक हिशेब मांडला. १९९७ साली जन्मलेल्या बाळांचा तो होता. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे ७५९ मुली जन्मल्या होत्या. पहिल्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या खेपेला ७१९. आणि घरात आधी मुलगा असेल तर? तेथे मुलींची उणीव नव्हती. आणखी एक गोष्ट अशी, की दहावी व त्यापुढे शिकलेल्या आयांच्या घरी ही तूट निरक्षर आयांच्या घरापेक्षा अधिक होती. शाळेने परीक्षेचा रस्ता दाखविला, पण परीक्षेला कशासाठी बसायचे हे मात्र घरानेच ठरविले.

या आकड्यांचा अर्थ आपल्या अंगणात उतरवून पाहू. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली सून डोळ्यांपुढे आणा. तिचे नाव काहीही असो. पहिल्या खेपेला तिला कोणी तपासायला नेत नाही. पहिले जे होईल ते होईल, म्हणतात. मुलगी होते. बारसे होते, घुगऱ्या वाटल्या जातात, आजी म्हणते “पहिली बेटी, धनाची पेटी”. दुसऱ्या वेळी दिवस जातात आणि घरातला सूर बदलतो. “या वेळेला बघून घ्यावं,” असे कोणीतरी म्हणते. ते बघणे झाले आणि निकाल मुलीचा आला, की “पिशवी धुऊन” ती परत येते. तिसऱ्या वेळी बघायचे की नाही असा प्रश्नच उरत नाही. एकदा बघितले म्हणजे दर वेळी बघायचेच. आणि ज्या दिवशी निकाल पेढ्याचा येतो, त्या दिवसापासून त्या बाईला कोणी कधीही तपासायला नेत नाही. रक्त कमी आहे का, सूज आली आहे का, हे पाहायलासुद्धा नाही. तिच्या परीक्षांचा इतिहास तेथे संपतो.

म्हणजे पाहा, तीच बाई, तेच शरीर, तेच यंत्र. पण कधी तिला यंत्राखाली ढकलले जाते आणि कधी दारातच अडविले जाते, हे ठरते ते आधीच्या निकालावर. तिच्या प्रकृतीवर नव्हे.

सरकारने आणि समाजाने पुढे पुष्कळ उपाय केले. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी आणि मराठीतले कथाकार लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात तेथील सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारे उपकरण बसविण्यात आले. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशा’ नाव लावलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. बीड जिल्ह्यातील परळीचे प्रकरण २०१२ साली उघडकीस आले तेव्हा सबंध मराठवाडा हादरला.

५

कोणी म्हणेल, हे सारे मुलगा-मुलगीचे झाले. खऱ्या रोगांच्या परीक्षांचे काय? ती गोष्ट वेगळी आहे, पण साखळी तेथेही आहे, आणि ती अधिक नाजूक आहे.

आज शहरांतून आणि हळूहळू जिल्ह्याच्या गावांतूनही गरोदर स्त्रीला तिसऱ्या महिन्यात ‘डबल मार्कर’ नावाची रक्ततपासणी सांगतात. सोबत सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील पाण्याचा थर मोजतात. लंडनमध्ये १९९०च्या दशकात निकोलाइडिस यांनी ही मोजणी रूढ केली. या दोन्हींवरून निघते ती केवळ शक्यता. अहवालावर लिहिलेले असते, ‘एकास दोनशे’ किंवा ‘एकास तीन हजार’. हळदीचा भाव क्षणात समजणाऱ्या माणसालाही हा भाव समजत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

हिशेब असा आहे. हजार गरोदर बायकांची चाचणी केली तर साधारण पन्नास जणींना ‘धोका जास्त’ असा शेरा मिळतो, कारण चाचणीची चाळणीच तशी बारीक ठेवलेली असते. त्या हजारांत खरोखर डाऊन सिंड्रोम असलेले गर्भ एक किंवा दोन. म्हणजे पन्नासांतल्या अठ्ठेचाळीस जणींच्या पोटातले मूल त्या बाबतीत ठीकच असते. त्यांना मिळते ती नुसती धास्ती. पुढे गर्भजल परीक्षा होते, सुई पोटात जाते, गर्भपाताचा अल्पसा धोका पत्करावा लागतो, आणि दोन-तीन आठवडे झोप लागत नाही. मग “सारे ठीक आहे” असा कागद येतो. उलट बाजूने, चाळणीतून एखादे खरे प्रकरण निसटतेही.

अशी धास्ती खाल्लेली बाई पुढच्या गरोदरपणात काय करील? कोणी म्हणते, “पुन्हा त्या वाटेला जायचेच नाही, मशीन खोटे बोलते.” कोणी म्हणते, “चाळणी नको, सरळ पक्की परीक्षाच करा.” कोणी पुन्हा तीच चाचणी करते, पण निकाल येईपर्यंत पोटातल्या बाळाशी बोलत नाही, त्याचे नाव मनात योजीत नाही. ही तिन्ही माणसाची साधी, समजण्याजोगी वागणूक आहे. यात अडाणी-शहाणे असे काही नाही.

पण खेड्यात या धास्तीला पाय फुटतात. एका सुनेला आलेला अनुभव जावेच्या, नणंदेच्या, शेजारणीच्या निवडी ठरवितो. “तिला व्यंग सांगितले होते, पोरगा धडधाकट झाला,” एवढी एक गोष्ट पारावर पोहोचली की दहा बाया पाचव्या महिन्याची सोनोग्राफीही टाळतात. त्या दहांत एखादीची वार आडवी असते. चाचणीचा अर्थ नीट न सांगता हातात कागद देणे हे म्हणून निरुपद्रवी नाही. त्याची किंमत दुसरीच बाई भरते.

याउलट, निकालाने पुढची वाट उजळल्याचीही उदाहरणे आहेत. पाठीचा कणा उघडा राहिलेले मूल ज्या आईला एकदा झाले, तिने पुढच्या खेपेला दिवस जाण्याच्या आधीपासून फॉलिक आम्लाची मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली, तर तेच पुन्हा होण्याचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी होतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश प्रयोगाने हे सिद्ध केले. येथे पहिला दुःखद निकाल दुसऱ्या मुलाचे रक्षण करतो. गोळी स्वस्त आहे. ठाऊक मात्र असली पाहिजे.

सिकलसेलचेही तसेच. हिंगोलीला लागून असलेल्या विदर्भात हा रक्ताचा आजार १९५०च्या दशकातच नोंदला गेला. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक बाळ आजारी होण्याची शक्यता. येथे गर्भाच्या परीक्षेआधी आई-बापांच्या रक्ताची परीक्षा येते, आणि ती तर लग्नाआधीही होऊ शकते. थॅलसिमियासारख्या आजारांचे गर्भावस्थेतील निदान मुंबईत १९८०च्या दशकापासून होत आले आहे. पण दारात येणारी बहुतेक जोडपी पहिले मूल आजारी निघाल्यावरच येतात. पहिल्याने सोसले म्हणून दुसऱ्याची तपासणी. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचा उद्देश हाच, की पहिल्याने सोसण्याची वेळच येऊ नये.

६

नव्या शतकाने वाटीचे झाकण आणखी उचलले. १९९७ साली डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की आईच्या रक्तात गर्भाचे जनुकद्रव्य तरंगत असते. ते त्यांनी कशावरून ओळखले? आईच्या रक्तात मुलग्याचे ‘वाय’ गुणसूत्र सापडले यावरून. कोपनहेगनप्रमाणे येथेही पहिला पुरावा मिळाला तो लिंगाचाच. २०११ पासून या शोधावर आधारलेली रक्तचाचणी जगाच्या बाजारात आली. भारतात ती करताना गर्भाचे लिंग सांगण्यास कायद्याने मनाई आहे. आता सुई नको, पोटाला हात लावायला नको. हाताच्या शिरेतले थोडे रक्त पुरे. ती पूर्वीच्या चाचण्यांहून पुष्कळ अचूक आहे, तरी तीही चाळणीच आहे. पक्के निदान अजूनही गर्भजल वा वारेच्या पेशीच देतात.

कायद्यानेही एक पाऊल टाकले. २००८ साली मुंबईतील एका जोडप्याने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे कळले तेव्हा वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी दिली नाही. निकाल कळायचा पाचव्या महिन्यात आणि मुदत संपायचीही त्याच सुमारास, ही विसंगती तेव्हा सर्वांच्या ध्यानात आली. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी ही मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली, आणि गंभीर व्यंगाच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मुदतीची अट राहिली नाही.

हिंगोलीतही काळ थांबलेला नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी करण्याची योजना २०१६ पासून देशभर चालू आहे. आशाताई घरोघर जाऊन बायांना त्या दिवशी आणतात. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नांदेडची वाट थोडी जवळ आली म्हणायची.

तरी मला वाटते, यंत्राइतकीच गरज एका साध्या गोष्टीची आहे. परीक्षा होण्याआधी बाईला कोणीतरी निवांत बसवून तीन गोष्टी सांगाव्यात. ही चाळणी आहे की पक्का निकाल? निकाल वाईट आला तर पुढे काय काय वाटा आहेत, आणि काहीच न करण्याची वाट त्यांत आहे की नाही? आणि मागच्या खेपेला जे कळले होते, त्याचा या खेपेशी खरोखर किती संबंध आहे? डाऊन सिंड्रोम असलेले मूल एकदा झालेल्या तरुण आईला पुन्हा तसेच मूल होण्याची शक्यता बहुधा शंभरांत एकाच्या आसपास असते. हा आकडा काहींना मोठा वाटेल, काहींना लहान. तो कसा वाटावा हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे, पण तो तिला कळला तर पाहिजे.

दिवाळीच्या दिवसांत भाऊबीज आली की “बहीणच नसेल तर ओवाळणार कोण” असे फलक लागतात. हेतू चांगला, पण हा युक्तिवाद मला नेहमी अपुरा वाटत आला आहे. ओवाळायला, राखी बांधायला, म्हातारपणी पाणी द्यायला मुलगी हवी, हेही पुन्हा तिच्या उपयोगाचेच गणित झाले. साडेचारशेंतल्या त्या वीस मुली कोणाच्या उपयोगासाठी वाचल्या असतील असे मला वाटत नाही. कोणत्या तरी आईने उघडलेली वाटी पाहिली, आणि जे निघाले ते आपले म्हटले.

डोहाळजेवणाचा खेळ चालू राहो. त्या वाट्यांनी कोणाचे वाईट केलेले नाही. लेकीने हवी ती वाटी उघडावी, बायकांनी गलका करावा, आणि पेढा निघो की बर्फी, दोन्ही सर्वांनी मिळून खावे.